तिसरी डिस्क कोठे ठेवावी?

जुन्या काळी घरचे धान्य कणगीत भरीत, पण पेरणीचे बियाणे त्या कणगीत ठेवीत नसत. ते राखेत घोळून, वेगळ्या मडक्यात, माळ्यावर किंवा दुसऱ्या खोलीत ठेवलेले असे. कणगी कितीही चांगली सारवली तरी तिला उंदीर लागतो, ओल येते. खाण्याचे धान्य गेले तर उसनवारी करून वर्ष काढता येते, पण बियाणे गेले तर पुढचे सालही गेले, हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते. आज आपल्या घरांतून धान्याखेरीज आणखी एक साठवण होऊ लागली आहे. लग्नाकार्याची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांचे आवाज, जमिनीच्या कागदांच्या प्रती, अभ्यासाची टिपणे, हे सारे आता हार्ड डिस्कवर राहते. या साठवणीतले बियाणे कोणते, कणगी कोणती, आणि दोन्ही कोठे ठेवावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो नुकसान सोसून. गेल्या वर्षी मराठीच्या प्रकल्पासाठी मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मोबाईल भरला म्हणून सारे एका बाहेरून जोडायच्या डिस्कवर उतरवून घेतले आणि मोबाईल रिकामा केला. पंधरा दिवसांनी ती डिस्क टेबलावरून खाली पडली. त्यानंतर जोडली की तिच्यातून टक्‌ टक्‌ असा आवाज येई, आणि बाकी काही नाही. दुरुस्ती करणाऱ्याने जो आकडा सांगितला तो आम्हांला परवडण्यासारखा नव्हता. मी पुन्हा आजीसमोर जाऊन बसलो. तिने गाइल्या, पण निम्म्याच. "आता कुठं ध्यानात राहतंय बाबा सगळं? जात्यावर बसलं की आपसूक येत होतं," ती म्हणाली. तेव्हापासून हा विषय माझ्यापुरता संगणकाचा राहिला नाही.

पुढे माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, त्याच्या फोटो स्टुडिओसाठी घरी साठवण-सर्व्हर बसवायचे ठरविले, आणि त्याची मांडणी ठरविण्याचे काम आम्ही दोघांनी मिळून केले. साठवण-सर्व्हर हे नाव मोठे वाटते, परंतु वस्तू साधी आहे. एक जुना संगणक घ्यायचा, त्यात दोनचार डिस्का बसवायच्या, तो घरच्या वायफायला जोडून सतत चालू ठेवायचा, आणि घरातल्या सर्व संगणकांनी व मोबाईलनी आपापली माहिती त्यावर ठेवायची. खरा प्रश्न असतो तो या डिस्का आत कशा मांडायच्या याचा. आमच्याजवळ चार-चार टेराबाईटच्या तीन डिस्का होत्या. त्या तीन डिस्कांवरून आमचा चांगलाच वाद झाला. तो वाद समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे.

डिस्क आणि तिचे आयुष्य

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या होत. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यंत थोड्या अंतरावर लिहिण्या-वाचण्याचे टोक तरंगत असते. अशी पहिली यंत्रणा आयबीएम कंपनीने १९५६ साली विक्रीस आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून मावत असे ती माहिती आजच्या हिशेबाने सुमारे पावणेचार मेगाबाईट, म्हणजे आजच्या मोबाईलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राएवढी. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये चार टेराबाईट राहतात. ही प्रगती थोर आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की, पूर्वी पन्नास तबकड्या बिघडून जेवढे गेले असते त्याच्या दहा लाख पट आता एका धक्क्याने जाते.

डिस्क किती वर्षे टिकते? बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी आपल्याकडील लाखो डिस्कांचे आकडे २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांच्या २०२४ च्या आकड्यांनुसार वर्षाला सुमारे दीड टक्का डिस्का बंद पडल्या. दीड टक्का ऐकावयास थोडा वाटतो, पण येथे एक साधे गणित करून पाहावे. एका पेटीत तीन डिस्का असतील तर त्यांपैकी किमान एक वर्षभरात बंद पडण्याचा संभव सुमारे साडेचार टक्के होतो, आणि पाच वर्षांचा हिशेब धरला तर तो वीस टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे तीन डिस्कांच्या पाच घरांपैकी एका घरी पाच वर्षांत ही वेळ येणार. डिस्का जितक्या अधिक, तितका एखादी बिघडण्याचा प्रसंग अधिक वेळा येणार.

१९८८ चा निबंध

नेमकी हीच अडचण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांपुढे होती. त्या काळी मोठ्या संगणकांना जोडायच्या मोठ्या डिस्का अतिशय महाग असत, तर घरगुती संगणकाच्या लहान डिस्का स्वस्त होत्या. अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडून एका महाग डिस्कचे काम का करून घेऊ नये, असा प्रश्न त्यांनी १९८८ साली आपल्या निबंधात मांडला. परंतु अनेक डिस्का म्हणजे अनेक बिघाड. म्हणून त्यांनी जादा माहिती साठवून बिघाड सोसण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आणि या कल्पनेला 'रेड' हे नाव दिले. शून्य आणि सहा या क्रमांकांच्या पद्धती नंतर रूढ झाल्या.

घरगुती उपयोगासाठी यांतल्या तीन-चार पद्धती समजल्या की पुरे.

पहिली पद्धत शून्य क्रमांकाची. हिच्यात माहितीचे तुकडे करून ते सर्व डिस्कांवर वाटून ठेवतात. तीन डिस्कांचे पूर्ण बारा टेराबाईट मिळतात आणि वेगही वाढतो, पण एक डिस्क गेली की सारे गेले. नाव 'रेड' असले तरी हिच्यात संरक्षण काहीच नाही.

दुसरी पद्धत आरशाची, म्हणजे एक क्रमांकाची. दोन डिस्कांवर तंतोतंत तेच लिहावयाचे. आठ टेराबाईट विकत घेऊन चारच हाती लागतात, पण एक डिस्क गेली तरी दुसरी जशीच्या तशी उभी असते.

तिसरी पद्धत पाच क्रमांकाची. हिच्यात युक्ती आहे आणि ती शालेय गणिताने समजते. समजा, दोन डिस्कांवर ७ आणि ४ हे अंक लिहिले आणि तिसरीवर त्यांची बेरीज ११ लिहिली. आता ४ लिहिलेली डिस्क हरवली तर ११ मधून ७ वजा करून ४ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरीज न करता शून्य आणि एक यांची सम-विषम जुळणी करतात, तिला पॅरिटी म्हणतात, आणि ती एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सर्व डिस्कांवर पसरतात. तीन डिस्कांच्या बारापैकी आठ टेराबाईट वापरावयास मिळतात आणि एक डिस्क बिघडली तरी निभावते. सहा क्रमांकात अशी जुळणी दुहेरी असते, त्यामुळे कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी चालते, मात्र तिच्यासाठी व्यवहारात किमान चार डिस्का लागतात.

चार डिस्का असतील तर आणखी एक तुलना करता येते. दोन-दोनांच्या दोन आरसेजोड्या केल्या किंवा सहा क्रमांक वापरला, तरी दोन्हींत वापरावयास निम्मीच जागा मिळते. सहा क्रमांकात कोणत्याही दोन गेल्या तरी माहिती वाचते. आरसेजोड्यांत एक गेल्यावर उरलेल्या तिघींपैकी तिची जोडीदारीण जाता कामा नये, म्हणजे दुसरी गेली तर तीनांत एक असा धोका राहतो. सुरक्षिततेत सहा क्रमांक सरस आहे, पण आरशाची सोय अशी की आज दोन डिस्का घ्याव्यात आणि पैसे जमले की पुढची जोडी जोडावी. आमच्यासारख्या घरांत ही सोय लहान नव्हे.

पुनर्बांधणीचे तास

दादाचा कल पाच क्रमांकाकडे होता. त्याचे म्हणणे सरळ होते : तीन डिस्का आहेत, आठ टेराबाईट मिळताहेत, एक गेली तरी चालते, मग घोडे अडले कोठे?

ते अडते डिस्क बिघडल्यानंतरच्या तासांत. नवी डिस्क घालावी लागते आणि तिच्यावर हरवलेली माहिती पुन्हा घडवावी लागते. चार टेराबाईटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाईट या वेगाने न थांबता लिहीत गेली तरी तिला सुमारे साडेसात तास लागतात. मधे वीज गेली, किंवा त्याच वेळी सर्व्हरचे नेहमीचे कामही चालू राहिले, तर याहून पुष्कळ अधिक. पाच क्रमांकात या काळात उरलेल्या दोन्ही डिस्का आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे आठ टेराबाईट. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात असे छापलेले असते की, दहाचा चौदावा घात इतके बिट वाचताना फार तर एक बिट वाचता न येण्याचा प्रसंग येईल. हे बिट म्हणजे साडेबारा टेराबाईट. ही कंपनीने दिलेली मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात डिस्का बहुधा हिच्याहून चांगल्या निघतात हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा मर्यादेच्या निम्म्याहून अधिक वाचन, तेही आधार उरला नसताना, करावे लागते ही गोष्ट विसरता येत नाही. आरशात एकच डिस्क वाचावी लागते.

शिवाय दुसरी डिस्क पहिलीच्या पाठोपाठ जाणार नाही असे धरून चालणे धोक्याचे आहे. १९८८ च्या निबंधातल्या त्याच गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासह २००७ साली सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी अभ्यासल्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकांवरून वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्का बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के हे प्रमाण सर्रास आढळले, आणि बिघाड हे एकमेकांपासून अगदी स्वतंत्र नसतात असेही दिसून आले. एका दिवशी, एका दुकानातून, एकाच घाण्यातल्या तीन डिस्का घेतल्या, एकाच पेटीत, एकाच उकाड्यात आणि त्याच विजेवर चालविल्या, तर त्यांचे आजारपणही बरोबर आले यात नवल ते काय? त्याच वर्षी गूगलच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढल्या ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो. तेव्हा सर्व्हरने पहिली सूचना दिली की डिस्क बदलावी, दुसरीची वाट पाहू नये.

येथे आरशाचाही एक उणेपणा सांगितला पाहिजे. दोन घड्याळे दोन वेगवेगळ्या वेळा दाखवू लागली तर खरे कोणते? साध्या आरशाला हे कळत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत घडविलेल्या आणि २००५ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या झेडएफएस या पद्धतीने हा प्रश्न सोडविला. ती माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणी-संख्याही जपून ठेवते. वाचताना ती जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची बरोबर प्रत घेऊन चुकलेली दुरुस्त करते. महिन्यातून एकदा सर्व माहितीची अशी पडताळणी करावी, म्हणजे न उघडलेल्या फायलींतला कुजका भागही वेळीच कळतो.

मांडणी कशापासून वाचवीत नाही?

इतके झाल्यावर आमच्या वादाचा रोख बदलला. आरसा की पॅरिटी, हा प्रश्न एका डिस्कच्या बिघाडापुरता होता. पण माझ्या ओव्या डिस्क पडल्यामुळे गेल्या हे जितके खरे, तितकेच त्या एकाच ठिकाणी होत्या म्हणून गेल्या, हेही खरे. पेटीतल्या दोन डिस्का म्हणजे दोन ठिकाणे होतात काय?

माणसाने चुकून फाईल पुसली तर आरशातली दुसरी प्रत त्याच क्षणी पुसली जाते. आरसा प्रामाणिक असतो, चुकाही जशाच्या तशा दाखवितो. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला तर तो पाच, सहा असा क्रमांक विचारीत बसत नाही. विजेचा दाब एकाएकी वाढून पेटीतला वीजपुरवठा जळला तर त्याबरोबर सगळ्या डिस्का जळू शकतात. चोर पेटी उचलतो तेव्हा तिन्ही डिस्का एकदम उचलतो. आणि आमचे गाव कृष्णाकाठचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत कमरेएवढे पाणी होते, २०२१ च्या जुलैत पुन्हा आले. पाण्याला पॅरिटी ठाऊक नाही.

झेडएफएसमध्ये एका विशिष्ट क्षणाची स्थिती गोठवून ठेवण्याची सोय आहे, तिला स्नॅपशॉट म्हणतात. तिने चुकून पुसलेली फाईल परत मिळते, व्हायरसपासूनही बरेचसे संरक्षण होते. परंतु स्नॅपशॉटही त्याच पेटीत राहतो. म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला तीन-दोन-एकचा नियम सर्वांनी पाठ करून ठेवण्याजोगा आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. डिस्कांची मांडणी आपले काम चालू ठेवते. डिस्क गेली तरी दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडता येतो, हा तिचा खरा उपयोग. माहिती वाचविण्याचे काम वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीचे आहे. पहिली कणगी, दुसरे बियाणे.

आमचा निर्णय

आम्ही प्रथम मोजदाद केली. हे काम पुष्कळ लोक करीत नाहीत, आणि मांडणीचा निर्णय खरे तर यावरच अवलंबून असतो. दादाच्या संगणकांवर एकूण अडीच टेराबाईट माहिती निघाली. तिचे आम्ही तीन ढीग केले. पहिल्या ढिगात पुन्हा कधीच मिळणार नाही अशी माहिती : घरची छायाचित्रे, कागदपत्रे, आजीच्या उरलेल्या ओव्या. ही सगळी मिळून शंभर गिगाबाईटही भरली नाही. दुसऱ्या ढिगात गिऱ्हाइकांची चालू कामे. तिसऱ्यात गिऱ्हाइकांना पोचती झालेली लग्नांची चित्रीकरणे, उतरवून घेतलेले चित्रपट असा कोंडा. सर्वांत मोठा ढीग या कोंड्याचा होता, आणि आठ टेराबाईट हवेत असे वाटत होते तेही त्याच्यामुळेच. तो अर्धा पुसला तेव्हा चार टेराबाईट पुरतात हे दादालाही पटले.

मग तिसऱ्या डिस्कचा प्रश्न आला. "अरे, ती नुसती कपाटात पडून राहणार, तर घेतली कशाला?" दादा म्हणाला. मी म्हटले, "दादा, बियाणेही आठ महिने नुसते पडूनच असते." यावर तो हसला, पण खरा पटला तो वेगळ्याच हिशेबाने. पेटीत घातलेली तिसरी डिस्क त्याला चार टेराबाईट जागा देत होती, तिची त्याला गरज उरली नव्हती. तीच डिस्क पेटीबाहेर ठेवली तर पूर, चोरी, वीज, व्हायरस आणि स्वतःच्या हातची चूक या पाचही संकटांवर उतारा मिळत होता. पैसे तेच, डिस्क तीच, फरक काय तो जागेचा.

आता दोन डिस्का झेडएफएसच्या आरशात पेटीत आहेत. पेटी जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवली आहे आणि तिला लहानसा यूपीएस जोडला आहे, कारण लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली तर कोणत्याही मांडणीला ते मानवत नाही. तिसरी डिस्क महिन्याअखेर जोडून तिच्यावर नवी प्रत उतरवितो, आणि ती आटपाडीला माझ्या आजोळी जाते. जेथे माणसे पावसाची वाट पाहतात तेथे पुराचे भय नाही. पहिल्या ढिगातले शंभर गिगाबाईट याखेरीज एका पेनड्राईव्हवरही ठेवले आहेत. तेवढ्यासाठी लहान पेनड्राईव्ह पुरतो.

हीच मांडणी सर्वांनी करावी असा माझा आग्रह नाही. ज्यांच्याकडे सहा-आठ मोठ्या डिस्का आहेत त्यांनी सहा क्रमांकासारखी दुहेरी जुळणीच पसंत करावी, कारण तेथे आरशात फार पैसा अडकतो. ज्यांची माहिती पुन्हा सहज मिळण्यासारखी आहे त्यांनी मांडणीचा खर्चच करू नये. आणि ज्यांच्याजवळ दोनच डिस्का आहेत त्यांनी माझ्या मते आरसा करण्याच्याही आधी दुसरी डिस्क घराबाहेर ठेवावी. रोजचे काम एखाद्या दिवशी अडले तरी चालेल.

शेवटी एक गोष्ट राहिली. प्रत घेतली म्हणजे ती उघडतेच असे नाही. बियाणेही पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवून पाहतात. त्याप्रमाणे गेल्या महिन्यात आम्ही सर्व्हर बंद करून केवळ तिसऱ्या डिस्कवरून सारे परत उतरवून पाहिले. आजीला शेजारी बसवून तिच्या ओव्या लावल्या. तिने दोन ऐकल्या, तिसरीच्या आधी थांबविले आणि म्हणाली, "हिच्या आधी एक होती." ती तिने तेथेच गाइली, आणि आम्ही ती ध्वनिमुद्रित केली. त्याच रात्री ती तिन्ही डिस्कांवर उतरली.

वाचकांपैकी एकाने जरी आज घरी जाऊन आपले बियाणे कोणते हे निवडून त्याची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.